भरतीला ओ देणारा सर्व्हर

या ग्रुपवर लोकांच्या अनुभवांखाली 'दादा झोप पूर्ण घ्या' अशी कमेंट टाकणारी जी एक आगाऊ मुलगी आहे ना, ती मीच. त्यामुळे माझ्या पोस्टखाली तुम्ही काय लिहिणार ते मला माहितीये... लिहा. हक्क आहे तुमचा.

भूतबित मी कधी मानलं नाही. माझं काम कॉम्प्युटरचं, आणि आमच्या कामात एकच नियम – बंद पडलं म्हणजे कारण आहे, आणि कारण सापडत नाही म्हणजे तू नीट शोधलं नाहीस. तीन वर्षं मी याच नियमावर पगार घेतेय. मागच्या कोजागिरीला, भर दुपारी, एसीच्या खोलीत ट्यूबलाईटखाली बसलेली असताना तो नियम माझ्यापुरता संपला. फास्ट टाईप करतेय, शुद्धलेखन माफ करा.

तर मी उरणची. पोर्टच्या मागच्या बाजूला कंटेनरची यार्डं आहेत, त्यातल्या एका यार्डाच्या ऑफिसात मी आयटी सपोर्ट. यार्डाचं नाव सांगणार नाही, अजून तिथेच नोकरी करतेय. जागा पूर्वी मिठागराची. भराव टाकून सपाट केली, वर कंटेनर रचले. पण मागचा मातीचा बांध तसाच आहे आणि बांधापलीकडे खाडी. बांधात एक उघाडी आहे – म्हणजे झडपेचं दार हो. ओहोटीला यार्डाचं पाणी त्यातून खाडीत जातं आणि भरतीला खाडीच्या पाण्याने ते दाबून बंद होतं. दारात काही अडकलं, दार उघडं राहिलं, की खाडी सरळ यार्डात. म्हणून भरतीच्या वेळी तिथे माणूस लागतोच.

तो माणूस म्हणजे माझा काका. सख्खा, पप्पांचा धाकटा भाऊ, हिराजी. त्याचं सगळं आयुष्य त्याच मिठागरावर गेलं, मिठागर गेलं तरी तो बांधावरच राहिला. लग्न केलं नाही, आमच्यातच असतो. डिप्लोमाला पनवेलला जायचे तेव्हा पहिल्या एसटीपर्यंत तीन वर्षं रोज मला सोडायला तोच यायचा, एकही दिवस चुकला नाही. त्याला अजून दीड वर्ष ड्युटी आहे. उघाडी काढून घेतली तर हा माणूस घरात आठवडाभर धड राहणार नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहिती आहे.

आता प्रॉब्लेम. पावसाळ्यात आमच्याकडे जुनी चार मशीनं काढून एक मोठा सर्व्हर आणला. त्या एकाच डब्यात चार व्हर्च्युअल सर्व्हर – गेटचा, वजनकाट्याचा, कॅमेऱ्यांचा आणि हजेरीचा. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी – एक मोठी खोली, आत पडदे लावून चार बिऱ्हाडं. बाहेर जायचा दरवाजा सगळ्यांचा एकच. म्हणजे बाहेरची वायर एकच, आतली सगळी 'वायरिंग' फक्त सॉफ्टवेअरमध्ये. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वेळी नवीन नियम आला. उघाडीच्या पंपघरात अंगठ्याचं मशीन बसवलं. भरतीच्या वेळी काकाने दर वीस मिनिटांनी अंगठा द्यायचा – माणूस जागेवर आहे, धड आहे, याचा पुरावा. अंगठा आला नाही की कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर त्याची ओळ लाल होते आणि सुपरवायझर कुणालातरी बघायला पाठवतो. मशीन जुनंच आणलेलं, हजेरीचा सर्व्हर समोर नसेल तर ते अंगठा घेतच नाही, नुसतं टीं टीं करतं.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी हजेरीचा सर्व्हर नेटवर्कवरून गेला. बाकी तिघं चालू, हा एकटा गायब. पिंग करा, उत्तर नाही. (पिंग म्हणजे आपण मशीनला हाक मारायची, ते ओ देतं. बस्स.) तास-सव्वा तासाने आपोआप आला. दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि तिसऱ्या दिवशी. आत लॉगिन करून बघितलं तर त्याच्या मते सगळं ठीक, कनेक्टेड, एकही एरर नाही. फक्त बाहेरच्या कुणालाच तो ऐकू येत नाही.

वेंडरचा इंजिनियर अल्ताफ, तो नवी मुंबईत बसतो. माझे आणि त्याचे कॉल असे –

"केबल बदल."

"बदलली."

"स्विचचा पोर्ट?"

"बदलला. व्हर्च्युअल कार्ड पण काढून नवीन लावलं."

"आयपी दुसऱ्या कुणाला दिलायस का चुकून?"

"पूर्ण रेंज स्कॅन केली. कोणी नाही."

"मग तू बदल आता. एवढंच राहिलंय."

हसले मी. पण केबलचा प्रॉब्लेम असता तर चारही बिऱ्हाडांचा दरवाजा बंद झाला असता ना... शेवटी मी तो हजेरीचा सर्व्हर उचलून दुसऱ्या, स्पेअर डब्यावर नेला. वेगळं मशीन, वेगळी वायर. तिथेही गेला. त्याच एकट्याने मान टाकली.

आणि इकडे काकाची ओळ रोज लाल. एकदा माणूस पाठवला, काका जागेवर. दोनदा पाठवला, जागेवर. मग सुपरवायझरने पाठवणं सोडलं आणि रिपोर्ट वर पाठवला. अॅडमिनच्या मोहिते सरांनी मला बोलावलं.

"प्राजक्ता, तुझा काका आहे म्हणून मी इतके दिवस बोललो नाही. पण हे बघ. पाणी चढलं की माणूस गायब, पाणी उतरलं की हजर. काय कोळंबी पकडायला जातो का?"

"सर, सर्व्हर जातोय. काका तिथेच असतो."

"सर्व्हर बरोबर त्याच्याच ड्युटीला जातो? बाकी कुणाच्या नाही?"

"भरतीला एवढा सतत अंगठा बाकी कुणाचा नसतो, सर."

"वरच्यांना हे तू समजव. कोजागिरीनंतरच्या सोमवारी मीटिंग आहे. तोपर्यंत त्याचा रेकॉर्ड साफ दिसला तर ठीक, नाहीतर उघाडी एजन्सीला देऊन टाकणार. मला पण उत्तर द्यायचं असतं."

त्या संध्याकाळी घरी ओट्यावर बसून मी आठ दिवसांच्या वेळा कागदावर उतरवत होते. सर्व्हर कधी गेला, कधी आला. दिवसातून दोनदा जात होता, रात्रीच्या पाळीला अंगठ्याचा नियम नव्हता म्हणून ते तोपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काका शेजारी जाळं शिवत होता. वाकून बघितलं त्याने.

"पानी कवा चढतं ते कशाला लिवतेस गो?"

"पाणी नाही रे. सर्व्हर बंद पडायच्या वेळा आहेत या."

त्याने कागद घेतला. बोट ठेवत ठेवत खाली आला. "घट बसले त्या पाडव्याला साडेबारा. बीजेला सवा. तीजेला दोन. ही भरती हाय, प्राजू. एक पन चूक न्हाय. आनि ही रातची, ती पन बरोबर."

मी मोबाईलवर भरतीचं टेबल काढलं. पूर्ण भरतीच्या आधी पस्तीस-चाळीस मिनिटं सर्व्हर जात होता, नंतर तेवढ्याच वेळाने येत होता. आठही दिवस.

खरं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं सापडलं कारण, कुठेतरी खारं पाणी वायरिंगमध्ये शिरतंय. अल्ताफला फोन लावला. तो बोलला, "व्हर्च्युअल मशीनच्या कुठल्या वायरमध्ये पाणी शिरणार? त्याला वायर कुठे आहे?"

ते मलाही कळत होतं... पण मीटिंगला आठ-नऊ दिवस राहिले होते आणि मला कारण नको होतं, हिरवी ओळ हवी होती. मग मी ते केलं, जे आमच्या फील्डमध्ये प्रत्येकजण करतो आणि कुणालाही चुकीचं वाटत नाही.

हजेरीच्या सर्व्हरची जशीच्या तशी कॉपी बनवली – क्लोन. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. खरा सर्व्हर पिंगला उत्तर देईनासा झाला की क्लोनने उठायचं, त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, घ्यायचा आणि त्याच्या जागी उत्तर द्यायचं. बाहेरच्या कुणाला कळणारही नाही. पहिल्या दिवशी गंमत झाली, क्लोन उभा राहिला पण पंपघरचं अंगठ्याचं मशीन त्याला जुमानेना. वैतागून मी आणखी एक ओळ घातली – क्लोन चालू असेपर्यंत काकाची शेवटची हजेरी तशीच पुढे धर. आधी 'हजर' असेल तर हजरच दाखव. काका कुठे जाणारे, तिथेच तर असतो.

चार दिवस सगळं हिरवंगार. मोहिते सरांनी चक्क मला चहा पाठवला.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी पंपघरात डबा द्यायला गेले तेव्हा काकाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं – बघ, तुझी नोकरी वाचवली. कसं केलं तेही सांगितलं. तो भाकरी मोडत होता, हात थांबला त्याचा.

"म्हंजे माझी ओ ते देतं?"

"तू दिलेलीच ओ ते पुढे चालवतं. तासाभरासाठी."

"काढ ते."

"अरे काका, सॉफ्टवेअर आहे. सोमवारी मीटिंग झाली की काढते."

मग तो बोलला. काका असं सलग कधी बोलत नाही, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतोय. मिठागराच्या दिवसांत बांध फुटला की घराघरातला माणूस माती घेऊन जायचा. गुडघाभर चिखल, वरून पाऊस, समोरचा दिसत नाही. म्हणून मुकादम थोड्या थोड्या वेळाने एकेकाचं नाव घ्यायचा आणि ज्याचं त्याने 'हाय' म्हणायचं. ज्याची ओ आली नाही, त्याला शोधायला सगळं काम थांबायचं. एका उधाणाला काकाच्या बाजूला त्याचा दोस्त होता, पांडू. नाव पुकारलं तेव्हा पांडू जागेवर नव्हता. काकाला वाटलं बिडी ओढायला गेला असेल, मुकादम शिव्या घालेल.

"म्या बोललो हाय. त्याचा आवाज काढून. तीन वेळा नाव घेतलं, तीन वेळा म्याच बोललो." त्याने पाण्याचा घोट घेतला. "पांडू तवा फुटलेल्या बांधात व्हता. कुनी शोधलाच न्हाय. शोधतील कशाला, ओ येत व्हती ना."

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"त्या दिसापास्नं दुसऱ्याची ओ म्या देत न्हाय, माझी कुनाला देऊ देत न्हाय. नोकरी गेली तर गेली, प्राजू. तू ते काढ."

हो म्हटलं मी. आणि काढलं नाही. सोमवार तीन दिवसांवर होता.

दुसरा दिवस, कोजागिरी. पावसाळ्यानंतरचं मोठं उधाण, पूर्ण भरती बारा सत्तावीसला. सव्वाअकरापासूनच मी सर्व्हर रूममध्ये दार लावून बसले होते. छोटी काचेची खोली, आतमध्ये पंख्यांचा एवढा आवाज की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. एका स्क्रीनवर पिंग चालू, दुसऱ्यावर हजेरीचा लॉग, म्हणजे नोंदींची यादी.

अकरा बत्तीसला काकाचा अंगठा आला, खरा. अकरा अठ्ठेचाळीसला खरा सर्व्हर गेला, क्लोन उठला. काकाची ओळ हिरवी. सगळं ठरल्याप्रमाणे.

अकरा सत्तावन्नला लॉगमध्ये एक नवीन ओळ पडली. पंपघर, काकाचा नंबर, हजर.

माझी स्क्रिप्ट नवीन ओळ लिहीत नाही. जुनी फक्त धरून ठेवते. मला वाटलं, वा, अंगठ्याचं मशीन शेवटी क्लोनशी बोलायला लागलं. मग मिनिटाने अजून एक ओळ. मग चाळीस सेकंदांनी. मग एकामागून एक... हजर. हजर. हजर. कुणीतरी दारावर थापा मारतंय तसं. वीस मिनिटांनी द्यायचा अंगठा काका असा का देईल?

मोबाईल लावला त्याला. वाजून वाजून बंद. परत लावला. नाही उचलला.

कंट्रोल रूमला विचारलं, तिथला मुलगा आरामात बोलला, "हिरवा आहे ना ताई, एकदम हिरवा."

काहीतरी बिघडलंय माझ्या स्क्रिप्टमध्ये, असंच डोक्यात होतं माझ्या. खरंच. बारा नऊला मी क्लोन बंद केला. म्हणजे रिस्टार्ट नाही, सरळ पॉवर ऑफ. यादीत त्याचा रंग करडा झाला. आता खरा सर्व्हर गायब आणि क्लोन मेलेला. त्या पत्त्यावर उत्तर द्यायला कुणीच नाही, पिंग थांबायलाच पाहिजे.

पिंगचं उत्तर येत राहिलं.

बघत बसले मी. ओळीमागून ओळ, एकही चुकत नाही. लॅपटॉपची वायर काढून परत लावली. येतंय. मेमरी पुसली, म्हणजे जुन्या आठवणीवर चालणारं काही असेल तर ते जाईल. येतंय. कोण उत्तर देतंय म्हणून त्याचा कार्ड-नंबर काढला – प्रत्येक मशीनचा वेगळा असतो – तर क्लोनचा. जो माझ्यासमोर करडा, बंद पडलेला दिसत होता. आणि त्या बंद मशीनच्या लॉगमध्ये... लॉगची खिडकी मी बंद केली नव्हती, ती तिथे गोठून बसायला हवी होती... खाली नवीन ओळी पडत होत्या. हजर. हजर.

मग त्या ओळी थांबल्या. बारा चौदाला शेवटची. पिंग चालूच होतं, पण ओळी थांबल्या.  मी उठले आणि पळाले.

ऑफिसपासून उघाडी पळत पाच-सहा मिनिटं. वाटेत लोडिंगचे दोघं कंटेनरच्या सावलीत जेवायला बसलेले, त्यांना ओरडले, उघाडीवर चला, पहार घ्या. माझा चेहरा बघून ते डबे तसेच टाकून उठले.

पंपघर उघडं. मोबाईल चार्जिंगला लावलेला. अंगठ्याचं मशीन टीं टीं करत होतं. काका नाही. बांधावर चढून पलीकडे खाली बघितलं तर खाडीच्या बाजूला, उघाडीच्या पायऱ्यांशी, पाण्याबाहेर फक्त त्याचं डोकं आणि एक हात. हाताने वरची कडी धरलेली. पाणी हनुवटीला.

लाकडाचा ओंडका दारात अडकला होता. तो काढायला काका खाली उतरला, ओंडका निघाला आणि पाण्याच्या दाबाने दार त्याच्या गमबुटावर बसलं. पाय आत, बूट निघेना, आणि पाणी चढतंय. तिथे खाली बांधाचा आडोसा, यार्डातून दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

दोघं पाण्यात उतरले. एकाने पहार घालून दार रेटलं, दुसऱ्याने जेवणातला कांदा कापायची सुरी होती तीच घेऊन बुडी मारली आणि बूट फाडला. मी काकाची मान वर धरून होते. एक लाट आली ती त्याच्या नाकावरून गेली. मग पाय सुटला.

वर ओढला तेव्हा घड्याळात बारा सत्तावीस झाले होते. तो थरथरत होता, ओठ निळे. आणि पहिलं काय बोलला असेल? रागाने बघितलं माझ्याकडे आणि बोलला, "कवापास्नं आले आले करतेस... व्हतीस कुठं?"

मला वाटलं भ्रम झालाय. त्याला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. पायाचं हाड मोडलेलं, बाकी ठीक. डॉक्टर बोलले अजून पाच मिनिटं गेली असती तर वेगळं बोललो असतो.

संध्याकाळी मी ऑफिसात परत गेले. पिंगचा स्क्रीन तसाच होता. बंद मशीनची उत्तरं बारा अठ्ठावीसपर्यंत येत होती, पाणी फिरेपर्यंत. मग थांबली. अल्ताफला सगळं पाठवलं. तो दोन दिवस घासत बसला. त्याच नंबरचं दुसरं मशीन कुठे आहे का, कुणी बाहेरून घुसलं का, वेळा चुकल्यात का. पंपघरचं अंगठ्याचं मशीन उघडून त्याची स्वतःची मेमरी काढली – शेवटचा अंगठा अकरा बत्तीस. नंतर एकही नाही. आणि लॉगमध्ये अकरा सत्तावन्न ते बारा चौदा, एकतीस ओळी. त्या अजूनही आहेत, कुणीही येऊन बघा. अल्ताफ शेवटी बोलला, "बघ, मला माहीत नाही. आणि मला हे लेखी विचारू नकोस."

मोहिते सरांना मी माझी स्क्रिप्ट दाखवली, सगळं कबूल केलं. माझी हिरवी ओळ नसती तर अकरा बावन्नलाच काकाची ओळ लाल झाली असती, आणि कोण जाणे, त्या दिवशी कुणी गेलंही असतं बघायला.  सर बोलले की मधे सुपरवायझरने माणूस पाठवणं बंद केलं त्याला ते स्वतःही जबाबदार आहेत. मला लेखी वॉर्निंग मिळाली. बरोबर आहे ती. सोमवारच्या मीटिंगमध्ये एजन्सीचा विषय निघालाच नाही. उघाडीवर आता दोन माणसं असतात.

आता शेवटचं. हे मी घरात कुणाला बोललेले नाही, म्हणून इथे बोलतेय.

काका घरी आल्यावर बघायला लोक येत होते. प्रत्येकाला तो सगळं पहिल्यापासून सांगायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी आत्या आली होती, मी आत भाजी चिरत होते, आणि तो बाहेर सांगत होता –

"म्या हाका मारत व्हतो. प्राजू, गो प्राजू. परतेक हाकंला ही पोर ओ देत व्हती. आले काका, आले. म्हनून म्या घाबरलो न्हाय. शेवटी तर हाक मारायची सोडूनच दिली. बोललो येतेय ती, कशाला घसा फोडायचा."

आत्या बोलली, "तुला कसं कळलं हीच हाय ते?"

"हिचा आवाज मना कळनार न्हाय? पन येडी पोर, बांधाकडनं यायचं सोडून खाडीच्या अंगानं ओरडत व्हती. पान्याच्या बाजूनं. मना वाटलं वळसा घालून येतेय. जवळ जवळ येत व्हता आवाज."

सुरी तशीच हातात राहिली माझी. मी त्या वेळी पंख्यांच्या आवाजात, दार लावून, स्क्रीनकडे बघत बसले होते. एक शब्द तोंडातून काढला नव्हता. लोडिंगच्या दोघांना नंतर विचारलं, त्यांनी कुणाचाच आवाज ऐकला नाही, माझाही नाही, काकाचाही नाही.

काका सगळ्यांना सांगतो, पोरीच्या आवाजावर तग धरला. मी नाही म्हणत नाही. काय सांगू त्याला? की तू गप्प बसावंस म्हणून कुणीतरी माझ्या आवाजात बोलत होतं, आणि मी उठू नये म्हणून तुझ्या नावाने हजर लिहीत होतं? तसंच होतं की उलटं होतं, हेही मला माहीत नाही. कधी कधी वाटतं त्या एकतीस ओळी म्हणजे त्याच्या हाका होत्या, त्या पोचल्या म्हणूनच मी उठले. कधी वाटतं त्या ओळींनीच मला तेवढी मिनिटं खुर्चीत बसवून ठेवलं. दोन्ही खरं कसं असेल... पण दोन्ही बसतं.

क्लोन मी डिलीट केला. हजेरीचा सर्व्हर अजून प्रत्येक भरतीला जातो, परत येतो. कारण सापडलेलं नाही आणि मी शोधणं थांबवलंय. तेवढ्या वेळात ओळ लाल असते, लालच ठेवतो.

काकाचं प्लास्टर मागच्या आठवड्यात निघालं. कितीही सांगितलं तरी ऐकत नाही, उद्यापासून परत ड्युटीवर चाललाय. उद्याची भरती दुपारी दोन वाजून दहाला आहे. मी सव्वा वाजता लॅपटॉप बंद करून बांधावर जाऊन बसणार आहे, त्याच्या इतक्या जवळ की हाक मारायची वेळच येणार नाही.